दिवेलागणीचे फ्रेंच शब्द

मीरा रोड
१२ नोव्हेंबर १९९५

ती. सुचेताताई यांस,
सा. न. वि. वि.

उर्मिलाच्या वर्षश्राद्धाहून नाशिकला परतल्यावर आपण लिहिलेले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला. आपल्याला पत्रे तीच लिहीत असे, मी खाली सही करून दोन ओळी टाकत असे. त्या दोन ओळींचीच मला सवय आहे, त्यामुळे सांभाळून घ्यावे.

क्षितिजाला जूनपासून आपल्याकडे शाळेत घालावे, हे आपले म्हणणे मी पुन्हा पुन्हा वाचले. अकरा वर्षांच्या मुलीला घरात बाईमाणूस हवे, हेही पटते. नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारण नाही. फक्त मार्चपर्यंत थांबावे, एवढी विनंती आहे. मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. शाळेची नव्हे, बॅलेची.

हे तिला उर्मिलाने सुरू करून दिले होते. आपल्याला तेव्हा तिने सांगितले असेलच. उत्तनला लिओनी मिस म्हणून एक बाई आहेत. नैरोबीत वाढल्या, तिथे एका फ्रेंच बाईंकडे शिकल्या, आणि म्हातारपणी आपल्या गावी परत आल्या. चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सात-आठ मुलींना शिकवतात. पूर्वी उर्मिला घेऊन जायची, आता मी जातो. भाईंदरहून बस मुर्धा, राई अशी गावे घेत जाते. दोन्ही बाजूंना मिठागरे. सध्या त्यांत नुसते पाणी भरून ठेवले आहे. ऊन वर आले की रस्ता सोडून सगळीकडे आकाशच दिसते आणि बस त्यातून हळू चालल्यासारखी वाटते. क्षितिजा खिडकीशी बसते. मी तिच्या शेजारी. आम्ही बोलत नाही.

हॉलमध्ये मी मागच्या बाकावर बसतो. मिस मुलींना पायाची प्रत्येक हालचाल करताना तिचे नाव मोठ्याने म्हणायला लावतात. गुडघे वाकवले की प्लिए. पाय जमिनीवरून ताणत पुढे नेला की ताँद्यू. पायाने अर्धे वर्तुळ काढले की राँ द जाँब. चवड्यांवर उंच झाले की रलवे. हातांच्या हालचालीलाही एक शब्द आहे, तो आपल्या कानाला भलताच लागतो, म्हणून पत्रात लिहीत नाही. बाकीच्या मुली म्हणतात. क्षितिजा तोंड मिटून करते. मिसनी मला बाजूला घेऊन सांगितले की पोरीचा पाय बरा हाय, पण तोंड उघडत न्हाय, आणि परीक्षेला बाहेरून येणारी बाई तोंडपण बघते.

म्हणून मीच ते शब्द शिकतो आहे. नाकातून काढायचे उच्चार मला जमत नाहीत, मिस हसतात. उर्मिला दिवेलागणीला क्षितिजाकडून परवचा म्हणून घ्यायची, ती वर्षभर बंद पडली होती. कारखान्यातून मी साडेसहापर्यंत येतो. परवापासून दिवा लावल्यावर मी पाढ्यांऐवजी हे शब्द म्हणायला सुरुवात केली आहे. काल तिने मागून हळूच एक शब्द माझ्याबरोबर म्हटला.

आपली माया आहे म्हणूनच हे सगळे लिहिले. ती तशीच राहू द्यावी.

आपला,
हरिश्चंद्र


नाशिक
२६ नोव्हेंबर १९९५

श्री. हरिश्चंद्रराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं एवढं मोठं पत्र! मी आधी पाकीट उलटून पाहिलं, चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, हरिश्चंद्ररावांनी लग्नापासून आजवर माझ्याशी एवढे शब्द बोललेले नाहीत, आणि आता बोलतायत तेही फ्रेंचमध्ये. रलवे ऐकून तर त्यांनी दिवसभर मला विचारून भंडावून सोडलं, की ही रेल्वे सुटते कधी आणि मनमाडला थांबते का.

थट्टा पुरे. मनातलं सांगते. मागच्या आठवड्यात तुमच्या शेजारच्या वैजयंताबाईंच्या फोनवर क्षितिजाशी बोलले. मी दहा गोष्टी विचारल्या, ती दहाही वेळा नुसतं हं म्हणाली. तुमच्या घरात बोलणारी एकटी उर्मिला होती. ती गेली, आणि आता दोन मुकी माणसं एका छताखाली वरण-भात खातायत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही पोरीला जपता यात शंकाच नाही. पण मुकेपणा लागतो हो माणसाला, पोरांना तर लवकर लागतो. वेणीचंही वैजयंताबाईंनी सांगितलं मला. तुम्ही घातलेली वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटते आणि त्यांची पंचशीला बिचारी रिक्षात पुन्हा घालून देते म्हणे.

तर मार्चपर्यंत थांबते. पण एक कबूल करा. तोवर पोर पहिल्यासारखी बोलती झाली नाही, तर जूनमध्ये काहीएक कारण न काढता तिला माझ्याकडे पाठवायचं. मी रागाने लिहीत नाही. धाकटी बहीण गेली, आता तिची लेक अशी गप्प होत गेलेली मला बघवणार नाही.

तिला माझे आणि ह्यांचे आशीर्वाद. तुम्ही जेवण वेळेवर घेत चला आणि आम्हाला परकं समजू नका, एवढंच मागणं.

तुमची,
सुचेता


मीरा रोड
२१ जानेवारी १९९६

ती. सुचेताताई यांस,
सा. न. वि. वि.

कबूल आहे. हे आधी लिहितो.

डिसेंबर चांगला गेला. परवच्याला क्षितिजा माझ्यापुढे जाऊ लागली. मी चुकलो तर माझ्याकडे बघून थांबते आणि नीट म्हणून दाखवते. तिचा आवाज बदलला आहे, थोडा जाड झाला आहे. हे मला इतके दिवस कळले नव्हते. पंचशीलाही येऊन बसते. तिला नाच नको, तिला शब्द आवडतात. वैजयंताबाई दारातून म्हणाल्या की काय हो भाऊ, ह्ये कोणतं स्तोत्र काढलं तुम्ही. आता आमच्या मजल्यावर संध्याकाळी सगळ्यांना ते पाठ आहे. वीज गेली असली की अंधारात दोन्ही मुलींचे आवाज पॅसेजमधून येत असतात, प्लिए, ताँद्यू, देगाझे, राँ द जाँब, आणि घरात कुणीतरी पाणी शिंपडत हिंडते आहे असे वाटते.

पण मागच्या रविवारी वेगळेच झाले. मिसनी परीक्षेची तयारी म्हणून मुलींना मधलेच शब्द विचारले. क्षितिजाला फाँद्यू म्हणाल्या. तिने पाय हलवला नाही. ती उभीच. तिचे ओठ हलत होते. ती प्लिएपासून सुरुवात करून फाँद्यूपर्यंत येत होती. ती पोचली तेव्हा पेटीवरचे गाणे संपले होते. फ्रापे विचारले, तेव्हाही तेच. पुन्हा प्लिएपासून.

मिस माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की बाबा, तू तर याचा पाढा केलास, सात सक विचारलं की सात एकेपासून यायला लागतं. परीक्षेत बाई थांबनार न्हाय. महिनाभरात हे सुटले नाही तर त्या तिला परीक्षेला बसवणार नाहीत. क्षितिजा येताना बसमध्ये रडली नाही, पण सोमवारपासून परवच्याला बसलेली नाही. पुन्हा हं वर आली आहे.

मला पाठ करण्याची ही एकच रीत ठाऊक आहे. आम्ही सगळे तसेच शिकलो. आणि सांगायला हरकत नाही, दुसऱ्या बाबतीतही माझे तसेच आहे. उर्मिलाचे काहीही आठवायचे म्हटले, आमचे लग्न, हे घर घेतले तो दिवस, तरी मला दवाखान्यापासून सुरुवात करावी लागते. तिथून मागे मागे जातो. बहुतेक वेळा पोचतच नाही.

काय करावे ते सुचत नाही. आपल्याशिवाय विचारणार कोणाला.

आपला,
हरिश्चंद्र


नाशिक
२९ जानेवारी १९९६

श्री. हरिश्चंद्रराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं त्याच दुपारी उत्तर लिहायला बसले. भांडी तशीच पडलीयत.

मला पाढे कधीच आले नाहीत. उर्मिलाला आले, मला नाही. पण शंभर माणसांच्या लग्नात कोण काय खात नाही हे मला आजही विचारा. मी ओळीने काही लक्षात ठेवत नाही. मी माणसाला धरून ठेवते. गवार म्हटलं की मला सासूबाईंचं वाकडं तोंड दिसतं, सुरण म्हटलं की हे खाजवताना दिसतात. यादी कुणाला लागते मग?

तर त्या शब्दांना ओळीतून उठवा आणि एकेक शब्द एकेका माणसाला देऊन टाका. प्लिए आमच्या ह्यांना द्या. गुडघे धरून, आई गं म्हणत, अर्ध्यात थांबत सोफ्यावर बसतात, ते बघितलेलं पोर जन्मात विसरायची नाही. बाकीचे तिचे तिला वाटू द्या. तुम्ही मध्ये पडू नका. आणि दिव्यापुढे बसून नको, घरात कामं करताना.

मी वाट बघतेय. ख्यालीखुशाली कळवायला आळस करू नका.

तुमची,
सुचेता


मीरा रोड
१७ मार्च १९९६

ती. सुचेताताई यांस,
सा. न. वि. वि.

परीक्षा मागच्या रविवारी झाली. निकाल दोन महिन्यांनी येईल. त्याआधीचे लिहितो, कारण ते आपल्यामुळे झाले.

आपले पत्र मी क्षितिजाला वाचायला दिले आणि भाजी निवडत बसलो. ती काकांच्या प्लिएवर हसली. मोठ्याने हसली. मी उठून आमटी टाकली. ती ओट्याशी आली आणि म्हणाली की बाबा, रलवे आईला द्यायचा. मी विचारले, का. ती म्हणाली की आई वरच्या फळीवरची बरणी तुम्हाला काढायला सांगायची नाही, चवड्यांवर उभी राहून बोटांनी पुढे ओढायची, आणि तेव्हा जीभ दातांत धरायची.

मी हे पाहिले नव्हते. मी घरात होतो, तरी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी राँ द जाँब. पाणी सांडले की उर्मिला वाकत नसे, फडके टाकून पायानेच गोल पुसून घेत असे, हातात पोळीचे पीठ असे. ताँद्यू म्हणजे पायाने पाट पुढे सरकवणे. फ्रापे म्हणजे उत्तनच्या किनाऱ्यावरून बसमध्ये चढण्याआधी चपलेतली वाळू झटकणे. क्षितिजा मला ते करून दाखवत होती आणि बोलत होती. मग मला बोलावे लागले, कारण ती विचारू लागली की आई बसस्टॉपवर कशी उभी राहायची, तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा कशी चालत आली. मी सांगितले. कोणताही शब्द कधीही येई. मी दाढी करताना, ती दप्तर भरताना. दारातून पंचशीला ओरडे की देगाझे, आणि आतून उत्तर येई, आई गॅलरीतून पाय झटकून कबुतर हाकलतेय.

आपल्याला सांगतो, या दिवसांत संध्याकाळी कामावरून येताना मला घरी कुणीतरी असल्यासारखे वाटू लागले होते. वेडेपणा आहे. पण ओट्यापासून गॅलरीपर्यंत सगळीकडे उर्मिला काही ना काही करत होती आणि आम्ही दोघे तिच्या मधून वाट काढत होतो.

फाँद्यू शेवटपर्यंत राहिला होता. एका पायावर, वितळल्यासारखे खाली येणे. एका दुपारी क्षितिजा म्हणाली की आई दवाखान्यात पलंगाची कड धरून बसायची तसा. तिने तो करून दाखवला आणि पुन्हा सरळ उभी राहिली. मग रलवे केला. तो आजार एका शब्दात मावला. एवढ्याशा जागेत तो मावेल, असे मला कधी वाटले नव्हते.

परीक्षेला आम्हाला आत बसू देत नाहीत. मी हॉलच्या बाहेर, बोंबील वाळत घातले होते तिथे उभा होतो. खिडकी उघडी होती. बाहेरून आलेल्या बाई शब्द कुठूनही उचलत होत्या आणि प्रत्येक वेळी आतल्या फळ्यांवर पायाचा आवाज लगेच येत होता. मिस बाहेर आल्यावर म्हणाल्या की आता हाय बोलती पोरगी. येताना मिठागरांत मीठ धरले होते. क्षितिजा भाईंदरपर्यंत बोलत होती, काय बोलत होती ते आता नीट आठवत नाही, समोरच्या बाकावरच्या कोळणीने तिला बोर दिले.

जूनचे आपण ठरवावे. मी शब्द दिला आहे. मला काय वाटते ते विचारलेत तर ती इथे असावी असे वाटते. हे मी आजवर लिहिले नव्हते, आता लिहितो.

तिने सांगितले आहे की पुढच्या परीक्षेत पा द शा म्हणून एक शब्द आहे, मांजरीसारखी उडी. तिला उर्मिलाची उडी सापडत नाही. मलाही नाही. आपल्याला माहीत असेल तर कळवावे.

आपला,
हरिश्चंद्र


नाशिक
२४ मार्च १९९६

चि. क्षितिजा हिस अनेक आशीर्वाद, आणि श्री. हरिश्चंद्ररावांना सप्रेम नमस्कार. पत्र दोघांना एकच, कारण आता तुम्ही दोघं मिळून वाचत असाल.

हरिश्चंद्रराव, ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवू शकले नाही. त्यांनी स्वतः वाचलं आणि बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहिले. जूनचं मी काढून टाकलं. पोर तुमच्याकडेच राहील. तिला गप्प बघवत नाही म्हणून मागत होते, हे खरंच होतं. पण तिच्यात मला उर्मिलाही हवी होती, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढे. ती तुमच्या ओट्याशीच आहे, तिथून तिला उठवणं बरं नाही.

वेणीचं मात्र मी सोडणार नाही. मेच्या सुट्टीत तिला पाठवा आणि चार दिवस तुम्हीही या. पेडाची वेणी मी तुम्हाला शिकवणार, सगळ्या पाहुण्यांदेखत.

आणि क्षिती, तुझ्या बाबांकडची उर्मिला लग्नानंतरची. त्याआधीची सगळी माझ्याकडे आहे, ती अजून कुणी मागितली नव्हती. नवे शब्द आले की मला पाठवत जा. जमतील तसे देईन.

मांजरीच्या उडीचं सांगते. तुझी आई नऊ वर्षांची होती. आजीने अंगण नुकतंच सारवलं होतं आणि कुणीही पाय टाकायचा नाही असा दम भरला होता. पलीकडे ओट्यावर बोरं ठेवलेली. तुझी आई परकर गोळा करून, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, एकदम हवेत गेली. ओली जमीन, खाली एक कोंबडी, आणि वर ती. मी दारात बसून बघत होते. ती पलीकडे पोचेल असंच वाटलं होतं. पण बरोब्बर मधोमध एक पाऊल उमटलं, पाची बोटांसकट. तिने बोरं खाल्ली आणि मार मी खाल्ला, कारण आमची पावलं एकाच मापाची होती.

ते पाऊल माझं नव्हतं, क्षिती. आजीने कधी ऐकून घेतलं नाही, तू तरी घे.

तुझी,
मावशी