तुझा ट्रिगर मी काढून टाकला

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. आईशी भांडून तू घरही सोडलंस आणि हॉस्पिटलची नोकरीही. जाताना कॉम्प्युटरच्या डेटाबेसमधलं तुझं ते अवाढव्य टेबल माझ्या गळ्यात मारलंस. रोज सकाळी लॅबचे हजारो निकाल एकदम येतात आणि डॉक्टरांचा राउंड सुरू व्हायच्या आत त्या टेबलात भरून व्हावे लागतात. गेले काही महिने ते होतच नव्हते. डॉक्टर पेशंटच्या उशाशी उभे आणि पडद्यावर कालचे आकडे. बोलणी मी खायची आणि तुझं नाव मात्र लोक अजून इथे देवासारखं घेतात.

मी काय काय नाही केलं? निकालांच्या ओळी एकेक न पाठवता गठ्ठ्याने पाठवल्या. तू हौसेने लावून ठेवलेले निम्मे इंडेक्स, म्हणजे शोधायच्या सूच्या, उडवले. नव्या डिस्कसाठी साहेबांच्या नाकदुऱ्या काढल्या. ढिम्म फरक नाही. शेवटी काल टेबलाला चिकटवलेला तुझा ट्रिगर, म्हणजे तो छोटासा प्रोग्राम, उघडला. नवी ओळ पडली की तो आपोआप चालतो आणि एका पेशंटचे आधीचे निकाल शोधायला अख्खं टेबल चाळतो. ही ओळ त्या पेशंटची आहे का, हे तो त्यानंतर बघतो! टेबल फुगत गेलं तसं चाळणं लांबत गेलं. एवढा शहाणा तू, आणि काम असं की नवशिक्यालाही लाज वाटावी.

त्यात लिहिलेला पेशंटचा नंबर कुणाचा, हे मला शोधावं लागलं नाही. आईला तपासणीला नेते तेव्हा खिडकीवर तो मीच सांगते. तिचा निकाल आधीपेक्षा बिघडला की तुझ्या मोबाइलवर मेसेज, अशी सोय करून गेला होतास तू.

म्हणजे तुला सगळं कळत होतं. किडनी हळूहळू कामातून गेली तेही कळलं असणार. माझा फोन तू उचलत नव्हतास. त्याला कळलं असतं तर धावत आला असता, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मी मान डोलवायची. मलाही ते खरं वाटायचं. दादा, तुझा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. न कळणाऱ्याला माफ करता येतं. तू मेसेज वाचून फोन खिशात ठेवत होतास.

तो ट्रिगर काल संध्याकाळी मी काढून टाकला. आज सगळे निकाल राउंडच्या आधी पडद्यावर होते. त्यात आईचाही होता. तुझा मोबाइल वाजला नसेल, म्हणून हे पत्र. आकडा मी लिहिणार नाही. तो आता तिला विचारूनच कळेल, आणि तेही फोनवर नाही, समोर बसून. लवकर ये.

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी