दाल कशात शिजवायची

आई, काल निंबोल्याच्या बायकांना मशरूमचं वाण जपून ठेवायला शिकवत होते. चांगलं वाण एकदा हाती आलं की दरवेळी बाहेरून मागवायला नको, फ्रिजही नको. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरायचं, त्या कुकरमध्ये भरपूर वेळ ठेवून निर्जंतुक करायच्या, गार झाल्या की पांढऱ्या बुरशीचे बारीक तुकडे आत टाकून घट्ट बूच लावायचं. माठाच्या आडोशाला, गार अंधारात, ती वर्षानुवर्षं झोपून राहते. "खर्च जवळजवळ काहीच नाही," मी नेहमीसारखं म्हणाले. तेव्हा मागे बसलेली एक बाई संकोचत बोलली, "मॅडम, घरात कुकर तर एकच आहे. उसमें हेच ठेवलं तर दाल कशात शिजवायची?" बाकीच्या हसल्या. मीही हसले, "दुसरा घ्या ना," म्हणाले आणि पुढे शिकवत राहिले.

परतताना बसमध्ये तू आठवलीस. कॉलेज संपवून मी आपल्या ओट्यावर हा उद्योग मांडला तेव्हा केवढी चिडली होतीस! "कुत्र्याच्या छत्र्या माझ्या स्वयंपाकघरात? लोक काय म्हणतील?" मी रुसून जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर तू कुकर लख्ख घासून माझ्यासमोर ठेवतेस. "घे. त्याच्या रिंगला आता तुझ्या छत्र्यांचाच वास लागलाय. मला पातेलं आहे." मला इतका आनंद झाला की पातेल्याचा विचारही मनाला शिवला नाही. त्यानंतर बाबांच्या डब्यासाठी तू पहाटेच उठून डाळ चढवायचीस, झाकणावर पाणी ठेवून, पुन्हापुन्हा ढवळत. एकदा बाबा म्हणाले, "डाळ कच्चीच राहिलीय." तू म्हणालीस, "माझंच लक्ष नव्हतं." मी समोर बसून जेवत राहिले.

पुढे माझं बरं चाललं. मशरूमच्या शेडसाठी मोठमोठे कुकर घेतले. तुझ्या ओट्यावर त्यातला एकही आला नाही, आणि तूही कधी मागितला नाहीस. आणि मी गावोगाव सांगत फिरते, खर्च काहीच नाही.

त्या बाईचं नावसुद्धा मी विचारलं नाही. पुन्हा निंबोल्याला जाऊन तिला शोधायला हवं. आता तू नाहीस, हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धीर झाला. तू समोर असतीस तर मी कालच्यासारखंच हसून पुढे गेले असते.