'खराब' म्हणून ठेवलेल्या सात काचा

४ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतोय आणि तू तरीही जिने चढतोयस, यावर मी काही लिहीत नाही. वहिनी बोलतच असेल.

पुढच्या महिन्यात आपल्या पुलाला पंच्याहत्तर वर्षं होतायत. आजोबांनी काढलेला उद्घाटनाचा तो प्रसिद्ध फोटो नगरपालिकेला मोठा करून लावायचाय. त्याची मूळ काचेची निगेटिव्ह हवी म्हणून मी आपल्या स्टुडिओतलं मागचं कपाट उघडलं. काच मिळाली. तिच्यामागे एक पत्र्याचा डबा होता, वर आजोबांच्या अक्षरात 'खराब' एवढंच लिहिलेलं.

आत सात काचा निघाल्या. खराब एकही नाही. निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं होतं, त्यामुळे उजेडात धरल्यावर मला आधी नदीकाठी ओंडके ओळीने ठेवल्यासारखे वाटले. कागदावर छापल्यावर कळलं. दादा, ती माणसं आहेत. अकरा. अंगावर गोणपाट, चेहरे आणि पाय उघडे. मागे पुलाच्या मधल्या दोन खांबांमधला गाळा पाण्यात कोसळलाय. काचा ज्यात गुंडाळल्या होत्या त्या पाकिटावरची तारीख उद्घाटनाच्या आदल्या वर्षाची आहे.

पुलावरच्या पाटीवर काय लिहिलंय ते तुला सांगायला नको. एकही जीव न गमावता बांधलेला पूल. तूच मला बोट धरून ती वाचायला शिकवलीस.

मी हे फोटो नगरपालिकेला देणार आहे. तू मोठा, म्हणून आधी तुला कळवते.

लोभ आहे, तो या पत्रानंतरही असू दे.

तुझी
चिंगी

११ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तू कळवतेस म्हणजे ठरवून मोकळी झालेली असतेस, हे मला साठ वर्षांत पाठ झालंय. तरी ऐक.

पुरात बांधकामाचं मचाण वाहून गेलं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे फोटो त्याचेच असतील. माणसं कदाचित जखमी असतील. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या काचेवरून तू काय सिद्ध करणार?

आणि आजोबांचं काय? लोक विचारतील, गाळा पडल्यावर गप्प बसलेला फोटोग्राफर उद्घाटनाला कॅमेरा घेऊन कसा आला. म्हणतील, ते काम त्याला गप्प बसण्याबद्दलच मिळालं. त्यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली, ते उत्तर द्यायला येणार नाहीत. तो उद्घाटनाचा फोटो बघून मी पुलांच्या कामात पडलो. अजून माझ्या टेबलासमोर तोच आहे.

डबा होता तिथे ठेव. निदान मी येईपर्यंत.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा
दादा

१९ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. पण थांबलेही नाही.

नगरपालिकेत गेले होते. उत्सवाचं काम बघणाऱ्या साहेबांनी पाकीट अर्धं उघडलं, पहिला फोटो पाहिला आणि पुन्हा बंद करून माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, बाई, हा आनंदाचा कार्यक्रम आहे, त्यात हे कुठे लावू? उद्घाटनाची काच तेवढी द्या. मी म्हटलं, लावाल तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. ते हसले. मी काच पिशवीत घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी आपल्या शोकेसमधल्या नवऱ्या आणि गुबगुबीत बाळं खाली उतरवली, आणि सातही फोटो लावले. दोन दिवस लोक बघायचे आणि पाय उचलायचे. एका बाळाची आई मात्र भांडून गेली.

तिसऱ्या दिवशी चौकातल्या कुलूपवाल्या बाई आल्या. ब्याऐंशीच्या आहेत, अजून स्वतः किल्ल्या घासतात. त्यांचे वडील दूरच्या गावाहून पुलाच्या कामाला आले होते आणि मग त्यांची पत्रं बंद झाली. आई सात वर्षांच्या या मुलीला घेऊन शोधत इथे आली, तर मुकादमाने सांगितलं, तुझा नवरा दुसरी बाई घेऊन पळाला. आई परत गेलीच नाही. कुठल्या तोंडाने जाणार? इथेच भांडी घासत जन्म काढला, आणि नवरा टाकून गेलेली हे ऐकत मेली.

बाईंनी माझ्याकडे भिंग मागितलं. ओळीतल्या चौथ्या माणसाच्या उजव्या पायाची बोटं त्यांनी मोजली. पुन्हा मोजली. सहा आहेत. मग भिंग पुसून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, म्हणजे ते पळाले नव्हते.

मी पाणी दिलं, ते न पिता दुकान उघडायला गेल्या.

दादा, आजोबांनी काचा फोडल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने धरते. दाखवल्या नाहीत, हे त्यांच्या विरुद्ध. आणि त्या बाईंसमोर मला ते न दाखवणंच जास्त जड वाटतं. सातही फोटोंच्या प्रती सोबत पाठवतेय. तुझ्या नजरेने बघ.

माया कमी करू नकोस, वाद हवा तेवढा कर.

तुझी
चिंगी

२७ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तीन दिवस सकाळच्या उजेडात फोटो बघतोय. तुझी वहिनी जेवायला हाका मारून थकली.

पूर नव्हता. तिसऱ्या फोटोत नदीच्या मधोमध वाळू दिसते, पाणी गुडघाभरही नाही. गाळ्याखालचे टेकू वाहून गेलेले नाहीत. ते काठावर नीट रचून ठेवलेत, म्हणजे काढून घेतले होते. वरचं काम पक्कं होण्याआधी टेकू काढले की गाळा बसतो, हे आमच्याकडे नवशिक्यालाही माहीत असतं. कुणालातरी घाई होती.

हे सगळं मी मोजमापांसह लिहून काढलंय, खाली सही आणि हुद्दा घालून. फोटोंशेजारी लाव.

आता एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. मला नोकरी लागली त्या वर्षी आजोबांनी मला पुलावर नेलं होतं. मधल्या गाळ्याशी थांबून म्हणाले, या पुलाचं तुला एक सांगायचंय, तू आता यातला जाणकार झालास. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, गाडी चुकेल, पुढच्या खेपेला सांगा. नंतर ते पाच वर्षं होते. मी विचारलं नाही, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. डबा ठेव म्हणून तुला लिहिलं, तेव्हा मी आजोबांना सांभाळत नव्हतो, मला स्वतःला सांभाळत होतो.

पाच तारखेच्या गाडीने येतोय. साहेबांकडे आपण दोघं जाऊ. गुडघ्याचं नाव काढू नकोस.

भेटीत सगळं आलं, जास्त काय लिहू.

तुझा
दादा

२४ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलास हे वहिनीच्या फोनवरून कळलं. छत्री इथेच विसरलास.

तुझं टिपण वाचल्यावर साहेबांचं हसणं बंद झालं ते तू पाहिलंसच. तू गेल्यावर ते स्वतः स्टुडिओत आले. उद्घाटनाचा फोटो आणि हे सातही कायमचे नगरपालिकेच्या दालनात राहणार, पाटी बदलायचा ठराव पुढच्या सभेत येणार. त्यांची एकच विनंती होती, की या सात फोटोंखाली 'नुकतेच उजेडात आलेले' असं लिहावं, म्हणजे आजोबांना कमीपणा नको. चांगल्या मनाने म्हणत होते. मी चहा दिला आणि आपण ठरवलेलंच लिहून दिलं: 'हे फोटो आमच्या आजोबांनी काढले आणि मरेपर्यंत लपवून ठेवले. आम्ही ते दाखवत आहोत.' खाली आपल्या दोघांच्या सह्या.

अकरापैकी चार जणांची नावं मिळालीत. सातांची राहिली. मजूर ज्या ज्या गावांहून आले होते तिथे पत्रं पाठवायला घेतलीत. अर्ध्या गावांची यादी तुझ्याकडे पाठवते, अक्षर बरं काढ.

कुलूपवाल्या बाईंना वडिलांचा एकट्याचा फोटो हवा होता. एवढ्या लहान तुकड्यातून चेहरा काढणं कठीण. दहा कागद वाया गेले, अकराव्यावर जमला. धूसर आहे, डोळे मिटलेले आहेत. मी म्हटलं, थोडा हात फिरवून डोळे उघडे करून देऊ का? त्या नको म्हणाल्या, आहेत तसेच राहू देत.

काल त्यांच्या दुकानावरून आले. किल्ल्यांच्या फळीवर मधोमध लावलाय. गिऱ्हाइकाने विचारलं की हातातली किल्ली खाली ठेवतात आणि सांगतात, हे माझे वडील, पुलाच्या कामावर होते.

यादी पोचली की कळव, आणि असाच पाठीशी राहा.

तुझी
चिंगी