तिसरं रीळ आधी

बुधवार, ४ मार्च

दिला! पाचच्या ठोक्याला मजकूर दिला. या शनिवार-रविवारसाठी ‘लिफ्टमन सुट्टीवर’. हा हुकमाचा पत्ता इतकी वर्षं हातात धरून होतो, कारण सिनेमा कुठे मिळायचाच नाही. आता घरबसल्या मिळतो. आणि पत्ता काढायची वेळही आलीच आहे – महिनाअखेरीला पानांची फेररचना, आणि आडवाटेचे सिनेमे सुचवणाऱ्या माझ्या सदरावर गदा येणार, अशी कुजबुज आहे.

नेहमीप्रमाणे आठवणीवरच लिहिलं. शिफारस करण्याआधी सिनेमा पुन्हा पाहायचा नाही, जो मनात टिकला तोच सांगायचा – हा माझा नियम. ही म्हणते, “आळशी माणसाचा नियम.” असेल.

शुक्रवार, ६ मार्च

छापून आलं. मथळाही माझाच ठेवलाय – ‘आधी रिकामी खोली, मग प्रेम’. वा!

रविवार, ८ मार्च

निरोपांवर निरोप. “सर, सिनेमा हाच ना?” “अहो, रिकामी खोली शेवटी आहे!” एका निवृत्त न्यायाधीशांचा – “आपण लिहिताना जागे असता काय?”

जेवण झाल्यावर नियम मोडला आणि सिनेमा लावून बसलो. शेवटपर्यंत पाहिला. लोक बरोबर आहेत! लिफ्टमनची वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईशी ओळख होते. मग प्रेम – लिफ्ट मधेच अडकते आणि दोघं अंधारात हसत सुटतात. मग ती न सांगता निघून जाते, हा रिकाम्या खोलीत उभा. समाप्त. नीटनेटका, रडका सिनेमा. असे ढिगाने पाहिलेत.

माझ्या डोक्यातल्या सिनेमात खोली आधी रिकामी होते, आणि मग ती दोघं हसतात. पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. त्या हसण्यावरच सिनेमा संपतो. त्यासाठी तर मी तो जपून ठेवला होता.

मग तो सिनेमा मी पाहिला कुठे? डोकं फिरलंय का माझं?

सोमवार, ९ मार्च

संपादकबाईंनी बोलावलं. वयाने मुलीसारखी, पण खुर्ची ती खुर्ची. “सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण…” ‘पण’नंतरचं न ऐकताही कळलं. वाचकांना वाटतंय मी सिनेमा न बघताच लिहितो. बुधवारी दिलगिरी द्यायची, आणि सदर बंद. त्या जागी ‘या आठवड्यात सर्वाधिक पाहिलेले’.

“ती यादी यंत्रच काढून देतं, सर. चुकत नाही.”

दिलगिरीचं काही नाही. पण सदर! मुलं मोठी झाली, लग्नं होऊन गेली, चष्म्याचा नंबर वाढत गेला – बुधवार कधी चुकला नाही.

मंगळवार, १० मार्च

दाढेने आजचाच मुहूर्त धरला. दंतवैद्य आमच्या जुन्या फिल्म क्लबातला. तोंडात आरसा घालून म्हणतो, “वाचलं रे तुझं. तो अंधारातला शेवट! अजून काटा येतो अंगावर.”

मी आं आं करत उठूनच बसलो.

“पड! हातात सुई आहे माझ्या.”

चूळ भरून विचारलं – शेवट कुठला? “हसण्याचा. दुसरा कुठला?” म्हणजे वेड मला एकट्याला लागलेलं नाही! दोघांनीही तो क्लबातच पाहिला होता. उलगडाही त्यानेच केला. “अरे, तीन रिळं होती. तिसरं आधी लागलं असणार, दुसरं नंतर. आणि क्लबात प्रोजेक्टर कोण चालवायचं? तुझी बायको!” माझ्या बधिर गालावर चापट मारून असा हसला की बाहेरचे पेशंट दचकले असतील.

अगदी खरं. त्या खेळानंतरच तर मी प्रोजेक्टरच्या खोलीत शिरून हिच्याशी पहिल्यांदा बोललो. म्हणजे दिग्दर्शकाची स्तुती केली, चांगली लांबलचक. ही डबे बंद करत नुसतं हं हं म्हणत होती.

घरी आलो तर मटार सोलत बसली होती.

“काय गं, त्या दिवशी रिळं उलटसुलट लागली होती का?”

“कुणी सांगितलं? त्या दातवाल्यानं?”

“चुकली असतील तरी आता काय त्याचं–”

“चुकली म्हणे! बस इथे, मटार सोल.”

ओशाळली बिचारी. मी विषय वाढवला नाही.

बुधवार, ११ मार्च

दिलगिरी एका ओळीत उरकली. बाकी सगळी हकिकत – क्लब, तीन रिळं, चूक. आणि वाचकांना सरळ सांगितलं: या शनिवारी तो माझ्या क्रमाने पाहा! ती बाई पहिल्यांदा लिफ्टमधून उतरते तिथे थांबा. तिच्या दाराला कुलूप दिसतं तिथून शेवटापर्यंत जा. मग मागे या आणि मधला भाग पाहा. दिवे घालवून.

हिचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. ‘प्रोजेक्टर चालवणाऱ्याची चूक’, एवढंच. संसार करायचाय.

संपादकबाई म्हणाल्या, “सर, यात दिलगिरी कमी आणि आगाऊपणा जास्त आहे.”

“छापता?”

“छापते. नाहीतरी शेवटचंच आहे.”

शुक्रवार, १३ मार्च

हिने सदर वाचलं आणि पेपर घडी न घालताच ठेवला. “चूक हा शब्द किती वेळा आलाय, मोजलास का?” माझ्या भाषेबद्दल एरवी अवाक्षर काढत नाही. आज काय झालं कोण जाणे.

रविवार, १५ मार्च

जिंकलो!

सकाळपासून फोन थांबत नाही. “कुलूप आधी पाहिलं, आणि मग त्यांचं हसणं ऐकवेना.” “आईने दोनदा लावायला लावला.” न्यायाधीश – “आधीचा शेरा मागे घेतो. पत्नी आणि मी दोघेही रडलो.” आणि कुणा शिक्षकाचा निरोप – “तुमचा प्रोजेक्टरवाला दिग्दर्शकापेक्षा हुशार निघाला!”

तो हिला वाचून दाखवला.

“परत वाच,” म्हणाली.

सोमवार, १६ मार्च

संपादकबाई चक्क खुर्चीतून उठल्या! सदर चालू राहणार, आणि आता अर्धं पान. शिवाय शनिवारी ग्रंथालयाच्या सभागृहात पेपरतर्फे खेळ – सकाळी सरळ, दुपारी आपला.

“आणि ती यादी?”

“खाली देऊ, सर. बारीक टायपात.”

येताना जिलेटिनच्या कागदात गुंडाळलेली फुलं घेऊन आलो. “कोण गेलं?” ही म्हणाली.

शनिवार, २१ मार्च

सकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दुपारी लोक पायऱ्यांवर बसले! पडद्यावर लिफ्ट अडकली, ती दोघं हसू लागली, आणि सभागृहात कुणी हुं की चूं केलं नाही. मग मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या, टाळ्या. असा दिवस आयुष्यात मला दुसरा आठवत नाही.

मंचावर रंगून बोललो. एका सुंदर चुकीची गोष्ट वगैरे. ही तिसऱ्या रांगेत. मी ‘चूक’ म्हटलं की तिच्या पर्सची चेन कर्रकन वाजायची.

शेवटी एका जाड भिंगांच्या बाईंनी हात वर केला. “सकाळी तिसऱ्या रिळाच्या शेवटी ‘समाप्त’ची पाटी आली. दुपारी दिसली नाही.”

“आम्हीच काढली. सिनेमा चालू असताना मधेच ‘समाप्त’ आलं असतं तर हशा झाला असता.”

“हो ना. मग तेव्हा, तुमच्या क्लबात, झाला होता का हशा?”

आठवून पाहिलं. नाही. रिकामी खोली, आणि पडदा एकदम काळा. आम्हाला वाटलं, वीज गेली.

“मग तेव्हा कुणी काढली?”

पुष्पगुच्छाची वेळ झाली म्हणून निभावलं. घरी येताना ही खिडकीबाहेर बघत एकटीच हसत होती.

रविवार, २२ मार्च

चहा होईपर्यंत धीर धरला. “पाटी यायच्या आत प्रोजेक्टरचा दिवा तूच घालवलास?”

“मग काय पाटीनं आपणहून घालवला? चूक चूक काय करतोस सारखं! दुपारी एकटीनं तिन्ही रिळं लावून पाहिली होती. रडका सिनेमा. सरळ दाखवला असता तर तुम्ही मध्यंतरातच पळाला असतात.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू बोलू कुठे दिलंस? त्या दिग्दर्शकाचं कौतुक चाललं होतं. म्हटलं, कौतुक कुणाचं करायचं ते माणसाला माहीत नाही, पण आवडलंय बरोबर. येऊ दे पुन्हा.”

कप खाली ठेवला. मग विचारलं – असे आणखी किती सिनेमे दाखवलेस मला?

“तू लिहीत राहा,” म्हणाली. “वाचक कळवतीलच.”