लाल चिंधीच्या दोन सऱ्या

पेडगाव, मंगळवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर न्हाई. करपा रोगावर नॅनो तांब्याच्या नव्या औषधाची फवारणी करून बघायला शेतकी कॉलेजच्या मॅडमनी माझं बटाट्याचं वावर घेतलं. लाल चिंधी बांधलेल्या दोन सऱ्यांवर तेवढं काहीच मारायचं न्हाई. त्या करपल्या तरच फरक दिसंल. पण धुई, दाट धुकं पडलं, पानावर डाग दिसले अन् मला राहवलं न्हाई. चिंधीच्या सऱ्यांवर गुपचूप जुनंच औषध मारलं. उभं पीक मरू देणं आमाला कुठं जमतंय?

आज मॅडम आल्या. सगळंच हिरवं. "दादा, नॅनोनं काहीच फरक पडला नाही, असंच लिहावं लागेल मला."

खरं काय ते तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. का गिळलं? लाजंनं?

निघताना सैल झालेली चिंधी मॅडमनी स्वतः घट्ट बांधली. मी बघत उभा.