दुधातली साखर

संकेश्वर, ९ जुलै १९९४

चि. हयवदनास कस्तुरीअक्काचे आशीर्वाद. तू बंगळूरात खुशाल असशील असं धरून चालते.

बाळ आज दहा दिवसांचं झालं. दूध प्यायलं की ओकतं, डोळे हळदीसारखे पिवळे. आमच्या पहिल्याचंही असंच सुरू झालं होतं. विसाव्या दिवशी तो गेला. इथले डॉक्टर कावीळ म्हणतात, कोवळ्या उन्हात धरा म्हणतात. मोठ्या मामीला वाटतं माझंच दूध बाधतंय. कालपासून गाईचं चालू केलंय, तेही पोटात राहत नाही. नरसिंहमामा (आपल्या मामाशीच लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी नवऱ्याला तोंडी मामाच येतं) पाळण्यापाशी बसून असतात.

मोठ्या मामांची क्षमा तुझी विचारपूस करते. पण कॉलेज सोडून लॅबमध्ये बाटल्या विसळणाऱ्याला मुलगी द्यायचा विषयही मामा काढू देत नाहीत. चिडून काही लिहू नकोस. मामांची तुझ्यावर माया आहेच, ती असू दे.

तुझी अक्का

के. आर. पुरम, १३ जुलै

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं. हे पोस्टात टाकत नाही. संकेश्वरच्या बसचे कंडक्टर देवाप्पाअण्णा आणून देतील. सोबत निळ्या औषधाची बाटली आणि काचनळी आहे.

सरांशी भांडून निघालो, पण तोवर थोडं शिकलो होतो. शरीरातले मोठे पदार्थ लहान तुकड्यांचे असतात. भातातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी. प्रथिनं ॲमिनो आम्लांची. तेलतुपात स्निग्धाम्लं आणि ग्लिसरॉल. डीएनए न्यूक्लिओटाइडांचा, आणि कुठलं प्रथिन कसं ओवायचं ते त्यातच लिहिलेलं. दुधातली साखर दोनच मण्यांची : ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. हा दुसरा मणी पचवणारं प्रथिन काही बाळांत नसतंच. त्यांना दूध विष होतं, तुझं काय अन् गाईचं काय. आपल्या बाळाचं तेच आहे अशी मला भीती वाटते.

नळीत चमचाभर औषध, बाळाच्या लघवीचे आठ थेंब, आणि उकळा. क्षमाला करू दे. तिचा हात स्थिर असतो, मी बघत बसलेलो आहे. विटेसारखं लाल झालं तर लघवीत साखर उतरतेय, नळी घेऊन तसेच बेळगावच्या इस्पितळात जा. नाही झालं तरी जा. उपाशी ठेवू नका, डॉक्टर सोयाची पावडर देतील. मोठी मामी आडवी आली तर सांग, हयवदन येऊन दार मोडेल.

तुझा भाऊ

बेळगाव, २० जुलै

चि. हयवदनास खूप आशीर्वाद.

क्षमानं नळी उकळत्या पाण्यात धरली. निळं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेचा रंग. मोठ्या मामीनंच बाळाची दुपटी बांधायला घेतली. इथले डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी ग्लुकोजची पट्टी बुडवली, ती कोरीच राहिली, म्हणजे साखर आहे पण ग्लुकोज नाही, आणि ते हसायचे थांबले. ही नळी कुणाची, विचारलं. मोठे मामा म्हणाले, आमच्या भाच्याची, कॉलेजातून पळालाय.

दूध बंद केल्यापासून ओकारी नाही. काल विसावा दिवस गेला. मी मोजत बसले होते. डोळे अजून पिवळे आहेत, त्याला वेळ लागेल म्हणतात.

आणि ऐक. मामांनी आपणहून सांगितलंय, दिवाळीनंतर तुझं आणि क्षमाचं लग्न लावायचं. पेढे आणले नाहीत. दुधाचं नाव काढलं तरी सगळे दचकतात. लवकर ये.

तुझी अक्का

के. आर. पुरम, २५ जुलै

ती. सौ. अक्कास सा. न.

ज्या वाक्याची दोन वर्षं वाट पाहिली ते वाचलं आणि घाम फुटला. ते प्रथिन का बनत नाही, हे मी लिहिलं नव्हतं. डीएनएतच चूक असते. एकाकडूनच आली तर माणूस धडधाकट. आईकडून आणि बापाकडूनही आली तर बाळाचं असं होतं. तुझ्यात ती आपल्या आईकडून आली असणार, आणि नरसिंहमामा आईचे सख्खे भाऊ. मोठे मामाही सख्खेच. म्हणजे क्षमात असू शकते. माझ्यातही. नसेलही, पण आमच्या लॅबमध्ये ते कळायची सोय नाही.

दोन दिवस वाटलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? पण आमच्या घरी पाळणा हलला की क्षमा रोज बाळाचे डोळे उघडून पाहील, आणि मला आधीपासून ठाऊक होतं हे एक दिवस तिला कळेल.

हे पत्र आधी तिला दे, मग मामांना. ती नको म्हणाली तर तेवढं एका ओळीत कळव. हो म्हणाली, तरी मला भीती वाटत राहील, हेही तिला सांग.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा
हयवदन