हाताला कळणारा खटका

विकास नगर, लखनऊ
शनिवार, नोव्हेंबर १९९८

मेहुण्याने जपानहून टीव्हीवर रेल्वे चालवायचा गेम आणलाय. नेहमीची बटणं नाहीतच, चक्क ब्रेकचा दांडा! हे गेमवाले काय काय करून बघतील! मला हसूच आलं. इंजिनांचे ब्रेक आखण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

आणि पहिल्याच स्टेशनला माझी गाडी फलाट सोडून पुढे. दांडा कुठवर आलाय ते मान खाली घालून बघत होतो ना! सई म्हणाली, "पापा, नीचे मत देखो. हर बार खट होता है, हाथ को पता चल जाता है." तिने पडद्यावरची नजर न काढता गाडी बरोबर लावली.

हाताला कळणारा खटका. माझ्या नव्या ड्रॉइंगमधला ब्रेकचा दांडा कुठेही न अडकता लोण्यासारखा सरकतो, त्याचं मला केवढं कौतुक! इथल्या जानेवारीच्या धुक्यात ड्रायव्हरने रुळांकडे बघायचं की दांड्याकडे? हे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. ड्रॉइंग सोमवारी मंजुरीला जायचंय. नाही पाठवणार. साहेब चिडतील. चिडू देत.

जेवताना गप्पच होतो. सईला वाटलं, हरलो म्हणून. पाठीवर हात ठेवून म्हणाली, "छोड़ो ना पापा, गेम ही तो है."